आभारात टाकलेलं नाव

नसरीन,

गप्प बसण्यात तू माझ्यापेक्षा नेहमीच पक्की होतीस, पण हे जरा अतीच झालं. भांडण अर्धं टाकून कुणी उठून जातं का? आपली रीत ठरलेली होती. मी तोंड सोडायचं, तू ऐकून घ्यायचं, मग चार-आठ दिवसांनी मीच स्कूटर काढून तुमच्या लाकडाच्या वखारीत यायचं आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणायचं, "आज भुसा फार उडतोय गं." या वेळी मला जरा जास्त दिवस लागले. बारा दिवस झाले होते. तेराव्या दिवशी तुझ्या अम्मींचा फोन आला तो दवाखान्यातून.

तू गेलीस त्याचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. लोक म्हणतात, सुजाता, लिहून काढ, बरं वाटेल. बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही. हाताला चैन नाही म्हणून लिहितेय. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू मोडतो, दुसरा घेते, तोही मोडतो, आणि मुलं एकमेकांकडे बघतात. घरी कुकर लावते आणि शिट्ट्या मोजायच्या विसरते. परवा डाळीचा पार लगदा झाला. बाबांनी ती खाल्ली, वर आणखी वाढून घेतली.

बाबांना तू फार आवडायचीस. एसटीच्या डेपोत आयुष्य काढलेला माणूस, त्याला इंजिनाचा आवाज कळायचा आणि तुला लाकडाचा. तू ओंडक्यावर बोटांनी टकटक करून सांगायचीस, "हे अजून ओलं हाय, महिनाभर थांबा." बाबा मान डोलवायचे. मी तिथंच उभी असायचे आणि मला काहीच ऐकू यायचं नाही. तेव्हा मला तुमच्या दोघांचा थोडा रागच यायचा.

एमएस्सीच्या फिजिक्सच्या वर्गात आपण दोघीच मुली टिकलो होतो. मग दोघी मिळून पुण्याला गेलो, पीएचडीला, एकाच सरांकडे. विषय लेझर आणि सिलिकॉन. घरी सांगताना आपली कोण तारांबळ उडायची! तू अब्बांना सांगितलंस, "काचेवर सिलिकॉनचा थर असतो, केसापेक्षा लई पातळ. त्यातले अणू कसेही पडलेले असतात. लेझरचा झटका दिला की थर वितळतो, गोठताना अणू ओळीत बसतात, त्याचे स्फटिक होतात. स्फटिक मोठे झाले की त्यातनं वीज चांगली जाते." अब्बा म्हणाले होते, "म्हणजे रंधा मारल्यासारखंच की." तू हसून हो म्हणालीस. मला ते पटलं नव्हतं आणि मी वाद घातला होता, वडीलधाऱ्या माणसाशी, त्यांच्याच घरी जेवता जेवता.

स्फटिक मोठे होईनात. तुला आठवतं ना? तीन महिने आपण त्या खोलीत काळे चष्मे लावून बसायचो. मी लेझरची ताकद वाढवत सुटले होते. जास्त वितळलं तर जास्त चांगलं जमेल, असं मला वाटायचं. माझा स्वभावच तो, स्क्रू घट्ट बसत नसेल तर आणखी पिळायचा. पण ताकद एका मर्यादेपलीकडे गेली की स्फटिक उलट बारीक व्हायचे. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती कणी दिसायची. सर वैतागले होते. मी तर एक नमुना रागानं फरशीवर आपटला होता, तो तू गोळा करून भरलास.

त्या सोमवारी तू सोलापूरहून आलीस. पिशवी खांद्यावरून खाली ठेवायच्या आधी म्हणालीस, "सुजे, तू सगळंच वितळवतीस. मग परत जमायला त्यानं धरायचं कशाला? खडीसाखरेला दोरा लागतोय की गं. खाली थोडं राहू दे तसंच." आणि मग वहीत तूच आकृती काढून दाखवलीस. पहिला झटका जोराचा, दुसरा हलका. दुसऱ्या झटक्यात जवळजवळ सगळं वितळेल, पण तळाशी अधूनमधून एखादा कण उरेल आणि त्याला धरून मोठा स्फटिक वाढेल. थोडं न वितळलेलं उरावं लागतं हे जगात इतरांना आधी कळलेलं होतं, ते आपण पुढे वाचलं. पण आपल्या त्या स्वस्त काचेवर, आपल्या त्या कुरकुरणाऱ्या लेझरनं ते कसं जमवायचं, ते दोन झटक्यांचं प्रमाण, ते तुझं होतं. बुधवारी दुपारी आपण नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तू आधी बघितलंस आणि मला कोपरानं ढोसलंस. मी बघितलं आणि तुझा हात इतका दाबला की तुझी बांगडी फुटली.

त्याच महिन्यात अब्बांना अर्धांगवायू झाला. तू सामान बांधलंस. मी म्हटलं, सहा महिन्यांत परत ये. तू म्हणालीस, "बघू की." वखारीतली आरी थांबली असती तर दहा माणसं घरी बसली असती, हे तुला माहीत होतं. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं, की आता नमुने मला एकटीलाच करावे लागणार.

आता ते लिहिते, जे मी तुला कधी बोलले नाही.

शोधनिबंध तयार झाला तेव्हा मी सरांना विचारलं, नसरीनचं नाव कितव्या जागी घालायचं? सर म्हणाले, "ती सोडून गेली. आता नाव कशाला? आभारात टाका." मी "बरं" म्हटलं. एवढंच. मला कुणी धमकावलं नाही, कुणी हात पिरगाळला नाही. मी एकदाही "पण सर" म्हटलं नाही. आभाराच्या ओळीत तुझं नाव आलं, काच कापून देणाऱ्या माणसाच्या नावाशेजारी. दोन झटक्यांची रीत 'आम्ही' विकसित केली असं त्या निबंधात लिहिलं आहे, आणि त्या 'आम्ही'त तू नव्हतीस. त्याच निबंधावर माझी पीएचडी झाली, आणि त्याच पीएचडीवर सोलापुरातली ही नोकरी.

मी तो अंक घेऊन वखारीत आले होते. तू उभ्या उभ्याच वाचलास, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणालीस, "आलेख चांगले आलेत." आणि कडुनिंबाच्या फण्यांचा एक डझन मला कागदात बांधून दिलास, आईला दे म्हणून. मी सुटल्यासारखी स्कूटरवर बसले. तुझ्या लक्षात आलंच नसेल असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं आणि पुढची सगळी वर्षं त्याच समजुतीवर काढली. तू शेवटची ओळ वाचताना किती वेळ घेतलास, ते मला तेव्हाही दिसलं होतं.

मग तो दाखला आला. जंगल राखून, झाडं जपून लाकूड काढलं जातं, याचा दाखला. तुझ्या फण्या आणि चमचे बाहेरदेशी जायला लागले होते आणि घेणाऱ्यांनी विचारलं, हे लाकूड कुठलं, कुणी तोडलं, तोडल्यावर पुन्हा लावलं का? तू माझ्याकडे बघितलंस आणि मी बाह्या सरसावल्या. कागद म्हणजे माझं माहेर! रविवारी-रविवारी मी वह्या आखून दिल्या. प्रत्येक ओंडक्याला नंबर, दाखल्यातल्या ओंडक्यांच्या तोंडाला हिरवा रंग, त्यांची थप्पी वेगळी. शेतकऱ्यांचे गट बांधायला आपण तुझ्या टेम्पोतून नातेपुत्यापासून दुधनीपर्यंत हिंडलो. बांधावरची झाडं मोजली, नकाशे काढले.

त्याचं चांगलं झालंच नाही असं तू कधी म्हणाली नाहीस. नातेपुत्याच्या बैठकीत पारूबाई उठून बोलल्या तेव्हा तू माझ्या मांडीवर थाप मारली होतीस. "झाडं मोजली तवा कळलं, माज्या बांधावर सतरा हायती," त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांना वाटत हुतं नऊच हायती. म्हंजी आट झाडं त्यांनी कुनाला इकली असती तरी मला ठावं झालं नसतं!" सगळी बैठक हसली, मालकही हसले. लोक कोवळी झाडं तोडायचं थांबले. घरटं असलेलं झाड मागं ठेवायला लागले. आरी चालवणाऱ्यांच्या पायात बूट आले, डोक्यावर टोपी आली. बायांची मजुरी पुरुषांएवढी झाली, कारण तपासणीला येणारा माणूस तेही विचारायचा.

पण ज्यांची झाडं चारच, ते कागदांना कंटाळून गळाले. त्यांचं लाकूड पूर्वीसारखंच जळणाला जाऊ लागलं. तू विचारायचीस, "दाखला झाडाला मिळतो का कागदाला? चार झाडंवाल्यानं जास्त माया केली असंल तर?" मी म्हणायचे, माया मोजता येत नाही, नोंद मोजता येते. "नोंद नसली म्हणजे झाड नव्हतंच व्हय?" तू म्हणायचीस. हा वाद आपण टेम्पोत घातला, वखारीत घातला, नवी पेठेत दुपट्टे बघता बघता घातला. दुकानदार दुपट्टा हातात धरून उभा आणि आपण दोघी नोंदींवर. तो वाद संपला नाही. आता तो मी एकटीच घालते, आणि पंचाईत अशी की आता मी तुझ्या बाजूनं बोलते.

आपल्या गटातल्या मलकप्पाकाकांचं लाकूड आलं आणि घोळ झाला. दुधनीजवळचं त्यांचं रान, आणि बरोबर त्यातून राज्याची हद्द गेलेली. अर्ध्या बांधाचा उतारा मराठीत, अर्ध्याचा कन्नडमध्ये. आपला गट महाराष्ट्रातला, त्यामुळं अलीकडची झाडं दाखल्यात, पलीकडची बाहेर. कडुनिंब एकाच दिवशी तोडले, एकाच टेम्पोतून आले. तू पलीकडच्यांना रंग न लावता आणलंस, तिथवर सगळं माझ्या वहीप्रमाणं होतं. पण मग तू दोन्हीकडच्या फळ्या काढल्यास आणि एकाच थप्पीत रचल्यास. हिरवी तोंडं कापली गेली होती. कुठली फळी कुठली, ते सांगायला काहीच उरलं नाही.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी लबाडी म्हटलं असतं. तुला लबाडी करायचीच नव्हती. एका दिवशी तोडलेलं, एकसारखं ओलं लाकूड एकत्रच वाळवायचं, नाहीतर कुठल्या तरी फळीला पीळ पडतो, हा अब्बांचा कायदा. तुझे हात त्या कायद्यानं चालायचे. माझी वही तुझ्या हातांपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

तपासणीवाला आला. त्यानं थप्पीकडे बोट दाखवून विचारलं, "हे सगळं दाखल्यातलं?" मी तुझ्या मागं उभी होते. मला वाटलं, तू हो म्हणशील. खरं सांगते, तू हो म्हणावंस असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, "नाही साहेब. मिसळलंय. कुठलं कुठलं ते मला आता सांगता येणार नाही." मलकप्पाकाका मधे पडले, "साहेब, बांध येकच हाय की वो. झाडाला काय ठावं, म्हाराष्ट्र कुटं संपतंय?" त्यानं सगळं नीट लिहून घेतलं. आठवड्याभरात पत्र आलं, दाखला स्थगित. सगळ्या गटाचा.

त्या दिवशी मी वखारीत येऊन कामगारांच्या देखत ओरडले. शब्द न् शब्द लिहिते, कारण ते शब्द दिवसातून दहा वेळा माझ्या कानात वाजतात. "कुठलं कुठून आलं, एवढं लिहून ठेवायला तुझं काय जात होतं, नसरीन? दुसरीकडचं आणून आपल्यात खपवायचं आणि वर साळसूदपणे उभं राहायचं!"

आरी बंद झाली होती. तू हातावरचा भुसा झटकत होतीस. झटकता झटकता थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. रागानं बघितलं असतंस तर मी आणखी चार शब्द बोलून मोकळी झाले असते. एखाद्या ओंडक्याला कान लावावा तसं तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "बस. पाणी पी."

मी न बसता निघाले. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, मी काय बोलले आणि कुणाला बोलले. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, एक रिक्षावाला "ओ मॅडम, झोपला का?" म्हणून ओरडून गेला. मला स्कूटर सुरू करता येईना.

ते बारा दिवस मी रागात नव्हते, नसरीन. मी लपले होते. या वेळी नुसतं "भुसा फार उडतोय" म्हणून भागलं नसतं, आणि दुसरं जे बोलायला हवं होतं ते तोंडातून निघेना. आरशासमोर उभं राहून मी ते पाठ करत होते. "नसरीन, त्या निबंधात" इथपर्यंत यायचे आणि पुढे काहीतरी काम आठवायचं.

दवाखान्यात तुझ्या तोंडावर मास्क होता. न्यूमोनिया म्हणाले. एका वेळी दोन माणसं आत सोडत नव्हते, म्हणून अम्मी बाहेर गेल्या आणि मला पाच मिनिटं मिळाली. पाच मिनिटं पुष्कळ असतात. मी तुला सांगितलं, तपासणीवाल्यानं अहवालात लिहिलंय की मालकिणीनं आपणहून सांगितलं, त्यामुळं फेरतपासणी लवकर होईल. थप्पी मी वेगळी करवून घेते. वही नवी आखते. वही! तू मास्क थोडा बाजूला केलास आणि म्हणालीस, "मलकप्पाकाकांना सांग, त्यांची काय चूक नाही." मी म्हटलं, सांगते. परिचारिकेनं मला बाहेर काढलं.

काकांना मी सांगितलं. ते जियारतीला, तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या दुव्याला, दुधनीहून आले होते, पटका हातात घेऊन कोपऱ्यात बसले होते. "अक्का, आमच्यापाय बिचारीला बोल लागला," म्हणाले. मी म्हटलं, तुमच्यापायी नाही काका, माझ्यापायी. त्यांना वाटलं, मी आपली समजूत काढतेय. त्यांनीच उलट माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी आपला निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला लिहिलं. सगळं लिहिलं: सोमवार, वही, दोन झटके, तुझी आकृती. ती वही माझ्याकडेच आहे, पानावर तुझं अक्षर आहे, त्याचे फोटो जोडले. लेखकांमध्ये तुझं नाव पहिलं असावं, असं म्हटलं. सरांनाही कळवलं. निवृत्त झालेत ते आता. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "एवढ्या वर्षांनी याची काय गरज? पण माझी हरकत नाही." नियतकालिकाचं उत्तर सभ्य होतं. दुरुस्ती छापता येईल, फक्त ज्यांचं नाव घालायचं त्यांची संमती लागेल. त्या हयात नसल्यास जवळच्या नातलगाची सही चालेल.

तो कागद घेऊन मी अम्मींकडे गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं, चष्मा लावला, कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "ये कागज उसकू कायकू नै दिखाई तू? वो तो इदरच थी ना. इत्ते साल."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"रख दे," त्या म्हणाल्या. "देखती मैं."

त्याला आज अकरा दिवस झाले. मी रोज जाते. अम्मी चहा देतात, बाबांच्या गुडघ्याचं विचारतात, वखारीतलं काही असेल तर सांगतात. कागद फळीवर कुराणशरीफच्या खालच्या खणात आहे, मला तो बसल्या जागेवरून दिसतो. सही झालेली नाही. मी विचारत नाही, त्या विषय काढत नाहीत.

तू असतीस तर तिथल्या तिथं सही केली असतीस. वर म्हणाली असतीस, "जाऊ दे गं सुजे, कशाला एवढं." हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तू जाऊ देशील हे. त्याच भरवशावर मी तुझं घेतलं आणि त्याच भरवशावर इतकी वर्षं तुझ्या वखारीत बसून चहा प्याले. अम्मी जाऊ देत नाहीत. त्या बरोबर करतायत, नसरीन. तुझ्या बाजूनं कुणीतरी एकदा अडून बसायला हवंच होतं.

मी उद्या परत जाईन.